मदत हवी आहे : चेन रेस्टॉरंटमध्ये ग्लूटेनमुक्त काय मिळेल?

सात_रस्ता : रविवारी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस पिझ्झा-बर्गरच्या एका चेन रेस्टॉरंटमध्ये आहे. माझ्या मुलीला ग्लूटेन (गव्हासारख्या धान्यातले प्रथिन) चालत नाही. तिच्यासाठी काय मागवावे ते कृपया आजच सांगावे, उद्या होकार कळवायचा आहे.

कडक_भाकरी : मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात द्यावी. ज्वारीत ग्लूटेन नसतेच. मात्र गिरणीत गव्हावर ज्वारी दळून आणू नका.

सात_रस्ता : दळण आम्ही घरीच करतो. सगळ्या मुली पिझ्झा खात असताना तिला एकटीला डबा उघडावा लागू नये, म्हणून विचारले आहे.

गोळ्या_औषधे : सीलिॲक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) आहे की नुसता गहू पचत नाही? उत्तर त्यावर अवलंबून आहे.

सात_रस्ता : सीलिॲकच आहे, हे लिहायचे राहिले. मागे एका ठिकाणी "यात मैदा नाही" असे सांगून फ्राइज दिले आणि त्या रात्री ती गुडघे पोटाशी घेऊन पहाटेपर्यंत कण्हत होती.

शेतमळा : खपली गव्हाचे काही करून द्या. माझ्या वडिलांना मधुमेह असूनही खपली उत्तम मानवते.

गोळ्या_औषधे : शेतमळा, कृपया हा सल्ला मागे घ्यावा. खपली हाही गहूच आहे, त्यात ग्लूटेन असते आणि मधुमेहाचा येथे संबंध नाही. ताई, बटाट्यात ग्लूटेन नसले तरी ब्रेडक्रम्ब लावलेली टिक्की ज्या तेलात तळतात त्याच तेलात फ्राइज तळले, तर ते तिला चालणार नाहीत. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांनुसार बंधनकारक आहे. त्या माहितीचा तक्ता मागा आणि तळण वेगळे असते का, हे गर्दी नसताना फोन करून विचारा.

उडीद_तांदूळ : वाढदिवस इडलीच्या ठिकाणी हलवता येईल का? रवा इडली मात्र नको, आणि सांबारातल्या हिंगात बहुधा मैदा असतो.

सात_रस्ता : ठिकाण आमच्या हातात नाही. आत्ताच फोन केला. तक्ता आहे, पण तळण एकच आहे आणि पिझ्झाच्या ओट्यावर दिवसभर मैदा उडत असतो, असे व्यवस्थापकांनी स्वतःहून सांगितले. घरचा डबा आणायला ते तयार आहेत आणि पिझ्झाचा एक कोरा खोकाही देणार आहेत. भाकरी थोडी जाड थापून तिच्यावर टोमॅटो आणि चीज घालीन म्हणते. ती दोन तास मऊ राहावी म्हणून पिठात काय मिसळावे?

कडक_भाकरी : पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, ताई.