वर्षभर व्हॅनमध्ये राहायचे असल्यास उन्हाळ्याचे काय करावे?

प्रश्न :
आम्ही दोघे नुकतेच निवृत्त झालो असून, पुण्यातले घर भाड्याने देऊन ट्रॅव्हलर गाडीत वर्षभर राहण्याचा आमचा विचार पक्का होत आला आहे. उन्हाळ्यात एसी चालवण्यासाठी छतावरचे सौर पॅनेल पुरेल का, तसेच आसने काढून पलंग बसवल्यास आरटीओची हरकत येईल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
एसीचा हिशेब जमत नाही. १२ व्होल्टच्या, २०० अँपिअर-अवर क्षमतेच्या लिथियम बॅटरीत सुमारे अडीच युनिट वीज मावते आणि एक टनाचा एसी कडक उन्हाळ्यात तासाला जवळपास एक युनिट घेतो. ४०० वॅटच्या पॅनेलमधून स्वच्छ उन्हाच्या दिवशीही दीड-पावणेदोन युनिटच मिळतात, आणि त्यातूनच फ्रिज, पंखा, दिवे यांचेही भागवावे लागते. शिवाय पॅनेलसाठी गाडी उन्हात उभी करावी लागते आणि माणसांना तर सावली हवी असते. म्हणून तो खर्च छताला व पत्र्याला आतून उष्णतारोधक थर देण्यावर आणि आतली हवा बाहेर फेकणाऱ्या छतावरच्या पंख्यावर करावा, आणि मुक्काम ऋतूप्रमाणे हलवावा. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे एप्रिल-मे हे महिने कुमाऊँ किंवा हिमाचलात दोन हजार मीटरच्या आसपास आणि थंडीचे महिने कोकणात सुखाने काढता येतात. मे महिन्यातली विदर्भातली दुपार मात्र पत्र्याच्या गाडीत काढू नये; तुमच्या वयात ते जिवावर बेतू शकते.

प्रतिसाद २ :
आसने परस्पर काढू नका. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडकू शकतो. राहण्याची गाडी, म्हणजे मोटर कॅरॅव्हॅन, हा वाहनांचा स्वतंत्र प्रकार असून त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्यानुसार मान्यता मिळालेली तयार गाडीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. गाडी एकाच परराज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास कलम ४७ प्रमाणे तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

प्रतिसाद ३ :
हिमाचलात रात्री ऊब यावी म्हणून बंद गाडीत गॅसची शेगडी पेटती ठेवू नका. बंद जागेत शेगडीमुळे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याची सूचना देणारे यंत्र पलंगाजवळ बसवा आणि स्वयंपाक करताना एक खिडकी उघडी ठेवा.