२५ कुटुंबांची प्रश्नावली की ५ घरांचा वर्षभर माग? बालशिक्षण पदविकेतल्या ‘पालक-समुदाय भागीदारी’वर चर्चा

बालाघाटकर

बालशिक्षणाच्या पदविकेत ‘कुटुंब व समुदाय भागीदारी’ हा विषय आपल्याकडं दोन गोष्टींत उरकतात. जॉन्स हॉपकिन्सच्या जॉयस एपस्टाइन यांनी मांडलेले सहभागाचे ६ प्रकार पाठ करायचे आणि एखाद्या अंगणवाडीच्या गावात जाऊन २५ कुटुंबांची प्रश्नावली भरून तक्ता जोडायचा. माझं म्हणणं सरळ आहे. प्रश्नावली बंद करा. दर विद्यार्थिनीला ५ घरं द्या आणि पोळ्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत त्याच घरांत पुन्हा पुन्हा पाठवा.

‘तुम्ही मुलाशी रोज खेळता का?’ याला धारूर असो की किनवट, उत्तर ‘हो’च येणार. शेजारी सेविका बसलेली असते, घरात दीड वर्षाचं धाकटं असतं आणि त्याचं टीएचआरचं (घरी न्यायच्या पोषण आहाराचं) पाकीट तिच्याच हातून मिळतं. नाही कोण म्हणेल? त्याऐवजी ‘काल उठल्यापासून लेकरू कुणाकुणाजवळ होतं?’ एवढंच विचारा. मग कळतं की आई सकाळीच खुरपायला गेली, दुपारपर्यंत आजीजवळ होतं, आजी शेळ्या घेऊन निघाल्यावर ८ वर्षांच्या बहिणीनं सांभाळलं. म्हणजे तुमची खरी भागीदार आजी आणि ती बहीण. पालक सभेचा निरोप या दोघींना कधी जातो?

दुसरी खोट वेळेची. फेब्रुवारीत गुण पाठवायचे म्हणून सर्वेक्षण होतं डिसेंबर-जानेवारीत. तोवर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या ऊसतोडीच्या टोळ्या उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कधीच्या निघून गेलेल्या असतात. शाळेतली थोरली मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडं राहतात, पण ३ ते ६ वर्षांचं लेकरू बहुतेक वेळा कोयत्याबरोबरच, म्हणजे ऊस तोडणाऱ्या आई-बापाबरोबर जातं. ज्या कुटुंबांसाठी हा विषय सगळ्यात जास्त लागतो, तीच तक्त्यात नसतात.

गोदाकाठ

विरोध. ५ घरं निवडणार कोण? सेविका दाखवेल ती. रस्त्याकडची, सारवलेली, चहा ठेवणारी. ओढ्यापलीकडची वस्ती आणि पालांवरची घरं त्या ५ मध्ये कशी येतील?

दोष २५ या आकड्याचा नाही, नावं उचलण्याच्या पद्धतीचा आहे. सेविकेच्या कुटुंब सर्वेक्षण रजिस्टरातून ३ ते ६ वयाच्या सगळ्या लेकरांची यादी काढा, मूळ गाव, वाडी, तांडा असे वेगळे गट पाडा आणि प्रत्येक गटातलं दर चौथं नाव घ्या. घर बंद सापडलं तर ‘स्थलांतरित’ लिहा, शेजारचं घर घेऊ नका. ही एक चूक सर्रास होते आणि तिथंच स्थलांतर तक्त्यातून गायब होतं. प्रश्न ७ पुरेत, सगळे ‘काल’बद्दलचे. हो-नाही एकही नको.

आणि एपस्टाइन फेकून देऊ नका. पालकत्वाला मदत, संवाद, स्वयंसेवा, घरी शिकणं, निर्णयात सहभाग, समाजाशी सहकार्य. हे ६ रकाने आखून गावातले वर्षभराचे कार्यक्रम त्यात बसवून बघा. जवळजवळ सगळं ‘संवाद’मध्ये पडतं, तेही एकतर्फी. ‘निर्णय’ कोरा. सभेची वेळसुद्धा कुणी पालकांना विचारलेली नसते. चौकट नसती तर हा कोरेपणा दिसला असता का?

सेविका_हिंगोली

दोघांचंही वाचलं. आता हे होणार कुणाच्या वेळात ते सांगा. महिन्याला २ समुदाय आधारित कार्यक्रम, गृहभेटी, वजन-उंची, पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, वर ‘आधारशिला’ या ३ ते ६ वयाच्या अभ्यासक्रमाचं ४८ आठवड्यांचं नियोजन. कॉलेजची पोरगी आली की घरं दाखवायला मदतनीस जाते आणि त्या दिवशी खिचडी उशिरा शिजते.

त्याच घरात वरचेवर गेलं की सासू विचारते, “कशाची चौकशी हाये गं बाई?” तिसऱ्या फेरीला तर राशन कार्ड काढून पुढं ठेवतात, कारण वही घेऊन येणारं माणूस म्हणजे एक तर योजना देणार नाही तर नाव कापणार. त्यामुळं जायचंच असेल तर असं जा: पहिल्या भेटीला सेविका सोबत, पुढं एकटीनं. २० मिनिटांच्या वर बसायचं नाही. घरात वही उघडायची नाही, बाहेर पडल्यावर लगेच लिहायचं. फोटो नाही, आधार नंबर नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, सोयाबीन काढणीच्या पंधरवड्यात जाऊ नका. येळवशीला (वेळ अमावास्येला) तर गावात कुत्रंही सापडत नाही, समदं रानात.

पालक सभेचंही तेच. दुपारची सभा म्हणजे रोजंदारीवरच्या बाईचा अर्धा रोज बुडाला. संध्याकाळी साडेसातला पारावर घेतली तर येतात, पण परगावच्या सेविकेनं परत जायचं कसं याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नाही.

तांड्यावरचा

मूळ मुद्दाच राहून जातोय. आपल्याकडं भागीदारी म्हणजे आईच्या डोक्यावर अजून एक काम. ‘घरी हे करून घ्या, ते करून घ्या.’ घर आधीच काय शिकवतंय हे कुणी विचारत नाही.

१९९२ मध्ये लुई मोल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टक्सनच्या कामावर लेख लिहिला. तिथल्या शिक्षिका मेक्सिकन मुळाच्या कुटुंबांत गेल्या त्या शिकवायला नाही, शिकायला. शेती, बांधकाम, औषधपाणी, व्यापार यांतलं घरातलं ज्ञान टिपलं आणि वर्गातले पाठ त्यावर उभे केले.

हेच आपल्याकडं करा. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतं. भाकरीच्या चित्राला ‘बाटी’ म्हणतं आणि निरीक्षण नोंदीत ‘शब्द येत नाही’ असं पडतं. तेच लेकरू याडीच्या (आईच्या) कशिद्याशेजारी बसून कवड्या आणि आरसे वेगळे लावतं: एक आरसा, दोन कवड्या, एक आरसा. याला अभ्यासक्रमात आकृतिबंध म्हणतात, त्याचे रंगीत मणी बाजारातून आणतात. उसाच्या फडावरून आलेलं पोरगं मोळ्या मोजतं, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) कुठलं आणि ऊस कुठला ते लांबून सांगतं. विद्यार्थिनीनं प्रत्येक घरातून एक उपक्रम उचलायचा, अंगणवाडीत घेऊन दाखवायचा आणि त्या आजीला किंवा आईला तो घ्यायला बोलवायचं. गुण त्यावर. तक्त्यावर नको, दैनंदिनीवरही नको.

बालाघाटकर

गोदाकाठ, दर चौथं नाव ही पद्धत घ्या, पण ५ घरं निवडण्यासाठी. एका भेटीतले ७ प्रश्न कितीही चांगले असले तरी ‘काल’ एकच कळतो. पेरणीतला काल वेगळा, कापूस वेचणीतला वेगळा.

५ पैकी किमान २ घरं जाणारी हवीत. टोळी निघण्याआधी २ भेटी, हंगामात महिन्यातून एक फोन, तोही रात्री स्वयंपाक झाल्यावर. आईजवळ फोन नसतो, म्हणून नंबर बापाचा आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाचा असे दोन्ही घ्या. ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करता येते. पण टोळीच्या कोप्या (झोपड्या) अंगणवाडीपासून लांब असतात आणि एक फड संपला की टोळी पुढं सरकते. परत आल्यावर एकच विचारा: लेकरू तिकडं अंगणवाडीत किती दिवस गेलं? ‘एकही दिवस नाही’ असं आलं तर तेही उत्तर आहे, ते लिहा.

गोदाकाठ

कागदावर छान. ४० विद्यार्थिनी गुणिले ५, म्हणजे २०० घरं, तपासायला एक प्राध्यापक. दिवाळीनंतर एकच दैनंदिनी नावं बदलून फिरायला लागेल. ३ घरं, जोडीनं, आणि तोंडी परीक्षेत त्यातल्या कुठल्याही एका घराबद्दल १० मिनिटं प्रश्न. याच्यावर एकही घर मी कबूल करणार नाही.

सेविका_हिंगोली

३ असोत की ५, ती वही शेवटी अंगणवाडीत द्या. आजवर भरून नेलेला एकही तक्ता आमच्याकडं परत आलेला नाही.

तांड्यावरचा

ताई, वही नको. त्यात उचल किती घेतली, घरात दारू कोण पितो हेही आलेलं असतं, आणि ते त्या बाईनं पोरीला सांगितलेलं असतं, गावाला नाही. उपक्रमांची पानं तेवढी फाडून घ्या.