मदत हवी आहे: मेटिक्युलस की फॅस्टिडिअस?

नवी_वही: दोन शब्दकोश पाहिले. दोन्हींत दोन्ही शब्दांपुढे 'बारीकसारीक गोष्टींकडे फार लक्ष देणारा', बास. मग फरक काय? कुठला वापरू? आज रात्री पाठवायचंय, लवकर सांगा.

दीर्घ_वेलांटी: काय पाठवायचंय? वाक्य द्या ना. माणसाबद्दल आहे की कामाबद्दल?

काजवा: मेटिक्युलसच्या मुळाशी लॅटिन 'मेटस', म्हणजे भीती. इंग्रजीत आधी त्याचा अर्थ 'भित्रा' असा होता. पुढे 'फाजील काळजी करणारा' झाला, तोही इंग्रजीच्या वापरावर कोश लिहिणाऱ्या फाउलरला १९२६ साली खटकला होता. मी तर वापरतच नाही. सरळ 'केअरफुल' लिहा.

दीर्घ_वेलांटी: काजवा, तो अर्थ केव्हाच मागे पडला. आज मेटिक्युलस म्हणजे कौतुकच. मुळावरच जायचं तर फॅस्टिडिअस आलाय 'फास्टिडियम'वरून, म्हणजे तिटकारा. ती छटा मात्र अजून टिकून आहे.

नवी_वही: शिफारसपत्र आहे, माझ्या हाताखालच्या मुलीचं. 'शी इज फॅस्टिडिअस इन हर वर्क' असं लिहिलंय. सहकारी म्हणते शब्द बदल, का ते सांगत नाही.

दीर्घ_वेलांटी: हे आधी सांगायचं! बदलाच. मेटिक्युलस माणूस काम चोख करतो, फॅस्टिडिअस माणसाच्या पसंतीला सहज काही उतरत नाही. जेवण, कपडे, स्वच्छता, सगळ्यात खोट दिसते. म्हणून 'फॅस्टिडिअस इटर' म्हणतात, पण प्लॅनिंग किंवा रिसर्चच्या आधी मेटिक्युलस येतो. तुमचं वाक्य वाचून मुलगी नाकं मुरडणारी वाटेल.

पेट्री_डिश: सूक्ष्मजीवशास्त्रातही फॅस्टिडिअस जिवाणू असतात! हिमोफिलस इन्फ्लुएन्झी साध्या ब्लड अगारवर (जिवाणू वाढवायच्या, रक्त घातलेल्या माध्यमावर) एकटा नीट वाढत नाही, त्याला चॉकलेट अगार लागतो. त्यात चॉकलेट नसतं. रक्त तापवलं की तांबड्या पेशी फुटून त्याला हवे ते घटक मोकळे होतात आणि माध्यम तपकिरी दिसतं.

काजवा: पण 'फॅस्टिडिअस अबाउट फॅक्ट्स' ही स्तुतीच झाली की.

दीर्घ_वेलांटी: हो, कारण तिथे कशाबाबत ते सांगितलंय. मोघम 'इन हर वर्क'ला तो आधार नाही.

अधोरेखित: स्क्रुप्युलस का नको? नीतिनियम, प्रामाणिकपणा यांत काटेकोर असेल तर तोच बसतो. आणि पत्र एका पानाच्या वर नेऊ नका, कुणी वाचत नाही.

दीर्घ_वेलांटी: लांबी विचारलीय कुणी? आणि स्क्रुप्युलसने सचोटी कळेल, कामातली बारकाई नाही.

नवी_वही: मेटिक्युलस केलं. ती नोंदवहीत चुकलेला आकडा गिरवत नाही. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही करते. हेही लिहू का?

दीर्घ_वेलांटी: अवश्य. तेच आधी लिहा, विशेषण त्यानंतर.

काजवा: मग विशेषण हवंच कशाला?

नवी_वही: फॉर्ममध्ये उमेदवाराचं एका शब्दात वर्णन मागितलंय, त्यासाठी.

दीर्घ_वेलांटी: फॉर्म पण आहे? त्यात अजून काय काय विचारलंय?