पदवीच्या आधी वस्ती
पदवी मिळाली की वंचित वस्त्यांत समुपदेशन करणार, असं तुम्ही ठरवलं असेल, तर बेत चांगलाच आहे, फक्त मी क्रम उलटा ठेवेन. आधी जाऊन नुसतं ऐका. 'मला डिप्रेशन आलंय' असं तिथे सहसा कुणी म्हणत नाही. डोकं जड झालंय, झोप उडालीय, कशात मन लागत नाही, असंच कानावर पडतं. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६ मध्ये दवाखान्याबाहेरच्या बाकावर लोकांचं ऐकायला चक्क आज्यांना प्रशिक्षण देऊन बसवलं. त्रासाला शब्दही तिथल्या लोकांच्या शोना भाषेतलाच वापरला: 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार.

आणि हो, स्वतःसाठी पर्यवेक्षक, म्हणजे आपल्या कामाबद्दल ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असा अनुभवी समुपदेशक, आधीच शोधून ठेवा. दिवसभर ऐकलेलं रात्री आपल्याच उशाशी येऊन बसतं. आत्महत्येचं बोलणारा माणूस मात्र एकट्याने सांभाळायला जाऊ नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.