शिंदळ माकुडीची रोपं मोजायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका किल्ल्यावर आमचा आठ-दहा जणांचा गट दर महिन्याला श्रमदानाला जातो. गडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या जानेवारीत तटाखालच्या कड्यावरचा निवडुंग आम्ही कोयत्यांनी साफ केला. त्यात करंगळीएवढ्या जाड, बिनपानांच्या, लोंबत्या काड्या होत्या. वाळकं समजून त्याही ओढून ढिगात टाकल्या. ऑगस्टमध्ये थोडं पलीकडे तशाच काड्यांना पानं फुटलेली आणि गर्द तांबडी, पिवळे डाग असलेली चांदणीसारखी फुलं आलेली दिसली. ओळखीच्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "अरे, ही शिंदळ माकुडी, फ्रेरिया इंडिका! महाराष्ट्राबाहेर कुठेच उगवत नाही." जानेवारीचं मी फोनवर बोललोच नाही.

मग वाचत सुटलो. वनस्पतीशास्त्रज्ञ डाल्झेलनं १८६०च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कातळावर ती आहे.

अडचण अशी की उरलेली रोपं आम्ही दोघांनी एकाच दिवशी मोजली. माझी ३१ भरली, मित्राची ५८! फांद्या लोळतात, टेकतील तिथे मुळं धरतात, मग एक रोप कुठे संपतं? दुसरं, गटात सगळ्यांचं म्हणणं, कलमं सहज लागतात तर शंभरेक करून कड्यावर लावून टाकू. करावं का?

– कातळवेडा

रानजाई : कातळवेडा, कबूल केलंत ते बरं केलंत, अशी तोड बऱ्याच गडांवर झालीय. निवडुंगाच्या काट्यांत शेळ्यांचं तोंड पोचत नाही, म्हणून ही तिथे टिकते. आधी ती तोड थांबवा.

मोजणीबद्दल: 'रोप' मोजूच नका, 'जाळी' मोजा. दोन जाळ्यांमध्ये वीतभर मोकळा कातळ असेल तर त्या वेगळ्या, नाहीतर एक. वीत की हात हे तुम्ही ठरवा, पण एकदा ठरलं की दरवर्षी तेच. मोजायचं पावसाळ्याच्या शेवटी, पानं-फुलं असताना. उन्हाळ्यात काड्या कातळात हरवतात. समोरच्या बाजूनं, त्याच दगडावर उभं राहून फोटो काढा. कड्यावर लोंबकळू नका.

आणि नुसता आकडा पुरत नाही. फुललेल्या जाळ्या किती, शेंगा किती, बोटभर उंचीची नवी पिल्लं किती, हे वेगळं लिहा. ही रुईच्याच कुळातली, शेंग उकलली की तशाच म्हाताऱ्या उडतात. जुन्या जाळ्या भरपूर आणि बियांची पिल्लं शून्य, तर आकडा मोठा असूनही वस्ती म्हातारी होतेय.

कुंडीवाला : माझ्या गच्चीत तीन कुंड्या आहेत, एका काडीच्या झाल्या. हवी तेवढी कलमं देतो.

रानजाई : दादा, तुमच्या तिन्ही कुंड्या म्हणजे एकच झाड, तीन ठिकाणी. अशी शंभर लावली तरी वाण एकच, रोग आला तर सगळी एकदम जातील. शिवाय कुठल्या गडाची काडी ते माहीत नसेल तर दुसऱ्या गडावर नेऊच नये. तुमच्या गच्चीतच शोभू द्या.

लावायचीच तर त्याच कड्याच्या वेगवेगळ्या जाळ्यांतून, थोडं बियांपासून, आणि कुठली काडी कुठे लावली याची वही ठेवून. पण काडी तोडण्याआधी वनखातं आणि गड ज्यांच्या ताब्यात आहे ते पुरातत्त्व खातं, दोघांची लेखी परवानगी. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत नोंद करून घ्या. जागा मात्र फेसबुकवर टाकू नका, कुंड्यांसाठी उपटणारे असतात.

कातळवेडा : ताई, आभार. काल वीतभर अंतराच्या हिशेबानं परत मोजलं: माझ्या २४, मित्राच्या २६. त्या दोन कपारीतल्या, मला दिसल्याच नव्हत्या. शेंगांच्या तीन जोड्या आहेत. पिल्लू एकही दिसलं नाही. ही पिल्लं पहिल्या वर्षी दिसतात कशी? पानं मोठ्या रोपासारखीच असतात का? कुणाकडे फोटो असेल तर टाका.