आयकर बंद करून फक्त जीएसटी ठेवावा का?

पगारदार_चिंचवड
पगार खात्यात येण्याआधीच टीडीएस, म्हणजे पगारातूनच घेतला जाणारा आयकर, कापला जातो. उरलेल्या पैशांतून मुलाला सायकल घेतली, की तिच्यावर जीएसटी. आमच्या गल्लीत रोज रोखीनं गल्ला भरणारे आहेत, त्यांनी आयकराचं विवरणपत्र कधी भरलेलं नाही. पण गाडी घ्यायला गेले तर कर त्यांनाही द्यावाच लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: वैयक्तिक आयकर रद्द करा आणि तेवढी रक्कम जीएसटीतून उभी करा. १८५७ नंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला इंग्रजांनी १८६० मध्ये आणलेला हा कर. टीडीएसचे दाखले, नोटिसा, जुनी करप्रणाली की नवी, हे सगळं एका फटक्यात संपेल.

सीए_सोलापूर
ताई, टीडीएसचा राग समजतो, पण आधी हिशोब बघू. २०२४-२५ मध्ये जीएसटीची ढोबळ वसुली २२.०८ लाख कोटी रुपये झाली. वैयक्तिक आयकर सुमारे १२ लाख कोटी. म्हणजे जीएसटी आजच्या दीडपटीहून जास्त करावा लागेल. १८ टक्क्यांचा दर २८च्या आसपास जाईल, ५चा ८च्या जवळ. तेही लोकांनी खरेदी कमी केली नाही तर.

आणि हा भार कुणावर? महिना २५ हजार कमावणारा सगळेच्या सगळे खर्च करतो. ४ लाखवाला दीड लाख खर्चतो, बाकीचे शेअरमध्ये किंवा तयार फ्लॅटमध्ये घालतो. शेअरवर जीएसटी नाही, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या फ्लॅटवरही नाही. म्हणजे त्याची निम्म्याहून जास्त कमाई कराबाहेर राहिली.

द्राक्षबाग_दिंडोरी
शेतकरी आयकर भरत नाही, हे ऐकून ऐकून कान किटले. रासायनिक औषधांवर १८ टक्के जीएसटी आम्ही देतोच की. व्यापाऱ्याला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, आम्हाला नाही, कारण ताज्या द्राक्षांवर करच नाही, मग वजा करायचा कशातून? पावसाळी हवा आली की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीनं दिवसाआड फवारणी. त्या वर्षी बागेतून काही सुटो न सुटो, औषधावरचा कर आधीच भरलेला असतो. आयकर निदान नफा झाला तर लागतो. १८चे २८ झाले तर बुडालेल्या वर्षीही आम्हीच भरायचे.

पगारदार_चिंचवड
दादा, हा मुद्दा रास्त आहे. पण गरीब कुटुंबांना आणि शेतकऱ्यांना तेवढे पैसे थेट खात्यात परत देता येतील ना? अमेरिकेतही अशी मागणी आहे.

एडिसन_न्यूजर्सी
आहे. इथे १९९९ पासून ‘फेअर टॅक्स’चं, म्हणजे आयकर काढून त्याऐवजी विक्रीवर कर लावायचं, विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातं, एकदाही मंजूर झालेलं नाही. त्यात दर महिन्याला प्रत्येक कुटुंबाला आगाऊ परतावा आहे, श्रीमंतालासुद्धा. तो भाग मला मनापासून पटतो. पण दर सांगतात २३ टक्के. शंभर डॉलरच्या वस्तूवर प्रत्यक्षात तीस डॉलर लावायचे, आणि १३०मधले ३० म्हणजे २३ टक्के, असा तो हिशोब. दुकानात उभा राहणारा माणूस त्याला ३० टक्केच म्हणेल.

सीए_सोलापूर
परतावा सगळ्यांना द्यायचा तर १४० कोटी लोकांना द्यायचा, म्हणजे दर आणखी वर. फक्त गरिबांना द्यायचा तर कुणाचं उत्पन्न किती हे तपासावं लागणार. मग आयकर खातं दुसऱ्या नावानं परत आलंच. लाडकी बहीण योजनेत कोण पात्र, कोण अपात्र यावरून किती गोंधळ झाला ते आठवा.

हार्डवेअर_इचलकरंजी
दुकानातलं सांगतो. फरशी, नळ, वायर घेणारं गिऱ्हाईक आजच विचारतं, “बिल नको, किती कमी करणार?” स्वतःचं घर बांधणाऱ्याला वजावट नाही, मग पक्कं बिल त्याला कशाला हवं? दोन लाखांच्या मालावर आज ३६ हजारांचा प्रश्न आहे, उद्या ५६ हजारांचा होईल. मी कच्च्या चिठ्ठीला नाही म्हणतो आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. प्रामाणिक दुकानदार यात आधी बुडेल.

निवृत्त_शिक्षिका_रत्नागिरी
माझं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ३१ वर्षं पगारातून आयकर कापून घेतला आणि उरलेल्यातून मुदत ठेवी केल्या. आता आयकर रद्द होऊन जीएसटी वाढला, तर त्याच पैशांवर मी दुसऱ्यांदा कर भरायचा. घराचं छप्पर शाकारायचं आहे, डोळ्यांचा चष्मा बदलायचाय. हे खर्च पुढं ढकलता येत नाहीत. तुमच्या पिढीचा आयकर वाचेल, त्याची भरपाई माझ्या ठेवींतून होणार.

पगारदार_चिंचवड
बाई, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. माझ्या आईचीही हीच स्थिती आहे. जुन्या बचतीची सोय केल्याशिवाय हा बदल नको, एवढं मी मागे घेते. पण इचलकरंजीचे दादा सांगतात तो कच्च्या चिठ्ठीवाला आज आयकरही चुकवतो आणि जीएसटीही. माझा टीडीएस मात्र ठरल्या तारखेला कापला जातो. सीए साहेब, त्या माणसाला आयकराच्या कक्षेत कसं आणायचं ते सांगा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं मत सोडायला मी तयार नाही.