उ: यादीत नसलेली गोष्ट तपासणार कोण?

खाद्यपदार्थांत नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कण वापरले तर 'पाकिटावर नॅनो असं छापलं की झालं, ग्राहक ठरवेल' असं वर कुणी म्हटलंय, ते मला पटत नाही. युरोपात घटकांच्या यादीत तसं लिहिणं बंधनकारक आहेच. तरी टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पाकिटावरचं ई १७१, हा पांढरा रंग, ज्यात नॅनो कणही असतात, त्यांना २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून काढावंच लागलं. जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यांच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये सांगितलं होतं.

आम्ही निफाडचे द्राक्षवाले, त्यामुळे २०१० साल विसरणं शक्य नाही. द्राक्षांत सीसीसीचा (क्लोरमेक्वॅट क्लोराइड, वेलीची वाढ रोखणारं रसायन) अंश सापडला म्हणून युरोपनं माल अडवला. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच! आमचे अहवाल स्वच्छ आणि कंटेनर बंदरात पडून. वडील रात्र रात्र फोनपाशी बसून असायचे. नॅनोचं तर याहून अवघड आहे. रसायनाचा अंश मोजतात किलोमागे मिलिग्रॅममध्ये. कण किती बारीक आहेत, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. आपल्याकडे २०२० मध्ये शेती निविष्ठा (खतं, औषधं वगैरे) आणि खाद्यपदार्थांतल्या नॅनोच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या, चांगलं झालं. पण कणांचा आकार मोजणारी प्रयोगशाळा पिंपळगावच्या शेतकऱ्याच्या आवाक्यात यायला हवी, आणि तीही माल अडकायच्या आधी.